पंधरावा दोरा

सोमवार
नव्या जागी आलो. भाजीपाला संशोधन केंद्राच्या आवारात, काचघराच्या मागे मला खोली दिली आहे. खाट, टेबल, मोठी खिडकी, नळाला पाणी. एकट्या जिवाला चैन आहे. जन्मभर शिवणयंत्र हाकलं, इथे नुसती कात्री चालवायची. इथल्या संशोधक बाई काकडीच्या मुळाचं टोक काचेवर चिरडतात, रंगवतात, भिंगातून मोठा फोटो काढतात. त्यात जांभळे दोरे दिसतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. रोपाचे सगळे गुण म्हणे त्यांतच. दोरे चौदा. ते कापायचे आणि मापाने जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. जोडीतला एक आईकडचा, एक बापाकडचा. बाई म्हणाल्या, काका, हात अजून थरथरत नाही हो तुमचा! बरं वाटलं. काम संपलं की लेक, माझी ठमाबाई, मला तिच्या घरी नेणार आहे, कायमचं. तिची आई गेल्यापासून एकट्याला घास गिळवत नाही.

गुरुवार
डोळे चुरचुरतात, मान धरली आहे. आज एका फोटोत पंधरा दोरे निघाले. सात जोड्या लागल्या आणि आकड्यासारखा वाकडा एक उरला. बाईंना विचारायला हवं होतं. पण म्हाताऱ्याला मोजता येत नाही म्हणून घालवून देतील, या धास्तीने गप्प बसलो. डावी बाही उलटी ठेवून उजवी बेततात, तसा तो दोरा कोऱ्या कागदावर उलटा ठेवला, त्याचा जोड कापला, जांभळा रंगवून चिकटवला. कात्री घसरून एक खाच पडली. एकट्याची कीव आली, दुसरं काय.

शनिवार
आजच्या सगळ्या फोटोंत सोळा दोरे. बाई हरखून गेल्या आहेत. पण नवा दोरा माझाच आहे. त्याला ती खाचही आहे. माझ्या कात्रीची खाच काकडीच्या मुळात कशी शिरली? जेवलो नाही.

सोमवार
बाई थट्टेने म्हणाल्या, काका, सकाळी काचघरात हाक मारली तर ओसुद्धा दिली नाहीत, आणि डावखुरे कधीपासून झालात? मी सकाळभर खोलीतच होतो. हसलो. थकवा फार.

बुधवार
पाहिला. काचघरात, वेलांमध्ये. माझाच सदरा, पण बटणं उलट्या बाजूला. कानाच्या कडा कापल्यासारख्या पांढऱ्या. माझा तीळ उजव्या गालावर, त्याचा डाव्या. पळायचं बळ नव्हतं. खाटेवर येऊन बसलो.

शुक्रवार
तुकडा कापून घेतला की फोटोत भोक उरतं. तो तुकडा, मी भोक — हे आधी कसं सुचलं नाही. बाई दारातून डोकावल्या, काका इथेही नाहीत म्हणाल्या आणि गेल्या. मी समोरच बसलो होतो. ओरडलो होतो —

रविवार
ठमाबाई आली. खिडकीतून दिसते. त्याच्या हातातली पिशवी घेतली तिने. चला बाबा म्हणते, किती वाळलात हो.
दार ढकलतो, हलत नाही — काचेवर मुठी मारतो, आवाज नाही —
अगं, बटणं बघ त्याची. तुझे फ्रॉक शिवले मी, बाजू कधी चुकली का —
फाटकाशी पोचले. तो डाव्या हाताने कडी काढतो —
थांबली. वळली. इकडेच बघते आहे. ठमे, मी इथे, खिडकीत, अगं मी