घर नणंदेला, काठी भावाला

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, धंदा शिवणकाम, काजे हाताने करते म्हणून गिऱ्हाइकांत 'काजवाली', पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. मला चौदा वर्षे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हा आजार मेंदूचा आणि मज्जारज्जूचा. पाय ओढतो, नजर धूसर करतो, बोटे बधिर करतो. अक्कल मात्र जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या भावाला मी ओळखते.

१. राहते घर, खालच्या शिवणघरासह, माझे स्वकष्टार्जित आहे. ते संपूर्ण माझ्या नणंदेस द्यावे. नवऱ्याची बहीण का, असे लोक विचारतील, म्हणून सांगते. आजाराचे नाव कळले आणि दुसऱ्या वर्षी नवरा घर सोडून गेला. नणंद त्याची बॅग भरायला आली होती. तिने बॅग भरली, त्याला दारापर्यंत पोचवले आणि वर येऊन मला विचारले, "वहिनी, तुझं इंजेक्शन किती वाजता असतं?" ती परत गेली नाही.

२. इंजेक्शन एक दिवसाआड. आयुष्यभर सुई मी धरली, मग सुईने मला धरले. टोचल्यावर हुडहुडी, ताप, मांड्यांवर लाल चट्टे. तेही सोसले असते. पण तिसऱ्या वर्षी मन असे खचले की कापड मांडीवर घेऊन दुपारभर मी नुसती बघत राही. "मीच टोचून घेते" असे सांगून, नणंद कामावर गेली की इंजेक्शने कचऱ्यात टाकू लागले. दोन महिने. मग एका सकाळी डावा पाय उचलेना. त्याच दिवशी तिला कचऱ्याच्या बादलीत इंजेक्शने सापडली. ओरडेल असे वाटले. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"वहिनी, जगायचं नसेल तर तसं सांग. फसवू नकोस."

"जगायचंय गं. हे औषध नकोय."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

तिने तडक डॉक्टरांकडे नेले. मन खचणे हीसुद्धा त्या औषधाची बाधा असू शकते, असे ते म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर डोके टेकून रडले. औषध बदलले. नव्या गोळीने पोटात मुरडा येतो, चेहरा लालबुंद होतो. गिऱ्हाईक विचारते, "लाजलात की काय?" मी हो म्हणते.

डावा पाय पुरता सुधारला नाही. तो दोष सर्वस्वी माझा. माझ्या पश्चात कोणी नणंदेकडे बोट दाखवू नये.

३. थोरल्या भावास माझी चालायची काठी द्यावी. त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला माझा तोल गेला, तेव्हा तो पाहुण्यांना हसत म्हणाला, "बाईसाहेब थोडी घेऊन आल्यात." आता त्याचे गुडघे गेले आहेत. काठी चांगली आहे. खाली रबर नवे बसवले आहे.

४. नवऱ्यास एक शर्ट. बोटे पहिल्यांदा बधिर झाली तेव्हा त्याचा हाच शर्ट मशीनवर होता. एक बाही राहिली. मागितला तर द्यावा. बाही कोणी लावून देऊ नये.

५. मशीन आणि कात्र्या समोरच्या शिवणवर्गाला. मोठ्या कात्रीने कागद कापाल तर खबरदार.

घर नणंदेला मिळणार, म्हणून तिला साक्षीदार करता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. नाहीतर बारा वर्षांची साक्ष तिच्याकडेच आहे. ती आत्ता बाहेर जिन्यात बसली आहे.

स्थळ: माझे शिवणघर. दिनांक: बारा मार्च, सकाळ.

सही: (काजवाली)

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर. २. शेजारच्या निवृत्त शिक्षिका.

आम्हा दोघांसमोर बाईंनी हे वाचून घेतले व सही केली. सहीला बराच वेळ लागला. आम्ही थांबलो. त्यांचा हात कोणीही धरला नव्हता.