खाडीकाठ चालक मंडळ

३ नोव्हेंबर, पहाटे ५.१०
बायको तिच्या बहिणीकडे जाऊन आज अठरा दिवस झाले. हवापालट. येईलच. तोवर सात किलो वजन उतरवायचं. खाडीच्या कडेने चालायचा नवा रस्ता झालाय, पुलापासून पक्षी बघायच्या मचाणापर्यंत. चार किलोमीटर. उद्यापासून रोज साडेपाच. नक्की.

४ नोव्हेंबर, ९.३०
जाग आली नाही. शरीराला आधी कल्पना द्यावी लागते.

६ नोव्हेंबर
गेलो. पाऊण किलोमीटर. पुढे बाक लागला.
गेटवरचा वॉचमन म्हणाला, काका, भरतीची वेळ फळ्यावर बघत जा, मचाणाची पायवाट पाण्याखाली जाते. म्हटलं, पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलीत, पाणी मला काय शिकवणार? तो फळा पुसायला लागला. छाप पडली.

१० नोव्हेंबर
लोकांना ओळखी हव्या असतात, पण पुढाकार कोणी घेत नाही. मी घेतला. 'खाडीकाठ चालक मंडळ' स्थापन. अध्यक्ष : मी. गेटवर कागद लावला. वॉचमनने विचारलं, ड्रायव्हर लोकांची युनियन का?

१३ नोव्हेंबर
पहिली सभासद जवळपास नक्की. रिटायर्ड नर्सबाई आहेत, भराभर चालतात. कसंबसं गाठून मंडळाची उद्दिष्टं सांगितली. कानातली वायर काढून म्हणाल्या, आधी बीपी तपासा, आणि संध्याकाळी येत जा, सकाळी फार गर्दी असते. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. किती काळजी!
हिला फोन करून मंडळाचं सांगितलं. 'बरं झालं' म्हणाली. घाईत असावी.

२० नोव्हेंबर
नर्सबाई दिसत नाहीत. वेळ बदलली असणार, बिचाऱ्यांना कळवायलाही जमलं नाही.
मंडळाची पहिली सहल ठरवली. रविवारी सकाळी सहा, मचाण. नाश्ता आपापला.

२३ नोव्हेंबर, मचाणावरून
सभासद आले नाहीत. अध्यक्ष आले.
पायवाट दिसत नाहीये. माझा हिशेब बरोबर आहे, पाणी लवकर आलं. वॉचमन काठावरून ओरडला, जागचे हलू नका, तीन तासांत उतरेल! तपासणीला आलेल्या साहेबासारखा हात केला.
हिला फोन लावला. अडकल्याचं बोललो नाही. समोर एक बगळा चिखलात पाय रुतवून, आपण मुद्दामच उभे आहोत असा चेहरा करून उभा होता, त्याचं सांगितलं. हसली. मग ती तिच्या लहानपणच्या शाळेबद्दल बोलली, बहिणीच्या गुडघ्यांबद्दल बोलली. पन्नास मिनिटं! शेवटी म्हणाली, आज मधेच फोन ठेवला नाहीत, कुठे जायचं नाही वाटतं? म्हटलं, नाही.
नंतरचे दोन तास कसे गेले, पाणी कधी उतरलं, कळलंच नाही.

२७ नोव्हेंबर
रोज घरून फोन करतो. जेवलीस का, जेवले. तुम्ही? जेवलो. संपलं. घरातलं नेटवर्क बरोबर नाही.

३० नोव्हेंबर, दुपार, मचाणावरून
आज फळ्यावर भरतीची वेळ नीट बघितली आणि मुद्दाम येऊन बसलो. पायवाट बुडल्यावर फोन लावला. म्हटलं, दीड किलो उतरलंय. (आठशे ग्रॅम. चपला काढून.) मग एकदाचं विचारून टाकलं, कधी येतेस?
तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, अहो, मी परत यायचं नाही म्हणूनच निघाले. जाताना सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, हो हो, किल्ली घेऊन जा.
म्हटलं, असं काही झालेलं नाही. मग आठवलं. मी पेपर वाचत होतो.
रागावलेली नव्हती. रागावली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, वाऱ्यात बसू नका, ठेवते.
पाणी उतरायला अजून दोन तास चाळीस मिनिटं आहेत.