सेंटरचा डबा आणि नानांचा डावा कान

रवि. १२ जाने. २०२५, दुपारी ३.४०, धुळे.
टीव्हीमागची धूळ पुसत होतो तेव्हा लिहायचं सुचलं. हात धुऊन बसलो.

सेंटर आणला, टीव्हीपाशी ठेवायचा मधला स्पीकर. जळगावहून मांडीवर ठेवून आणला, एस.टी.च्या फळीवर ठेवायचा धीर झाला नाही. पारोळ्यापर्यंत शेजारचे काका विचारत होते, "मिठाई शे का?"

दिवाळीत घरी चार स्पीकर नि सब (धडधडीचा मोठा डबा) लावला होता. पहिल्याच पिक्चरला नाना (वडील) अर्ध्यातून उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसले. मी गेलो तर म्हणाले, "आवाज येस रे, बोलनं येत नही." तेव्हापासून दर रविवारी तेच. आम्ही आत, नाना ओट्यावर. कानाचं मशीन घ्या म्हटलं तर, "मशीन नको माले. बठ्ठी (सगळी) जिंदगी मशीनच आयकं." टॉकीजमध्ये प्रोजेक्टरचे ऑपरेटर होते, बावीस वर्षं. त्यांना पिक्चर ऐकू येत नाही हे मला बघवत नाही.

बोलणं सगळं सेंटरमधून येतं. म्हणून सेंटर.

शोकेसमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात बरोबर बसला. मापात.

संध्या. ७. नाना दहा मिनिटं बसले. मग चप्पल शोधायला गेले ते आलेच नाहीत.

सोम. १३ जाने., जळगाव.
मी कामाला आहे त्या स्पीकरच्या दुकानात शेठना फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले.
"काच लावलीय पुढे?"
मी नीट पाहिलं. खरंच. मी काच सरकवून ठेवली होती, मी हात धुवायला गेलो तेव्हा आईने लावून घेतली. वर तिचा लोकरीचा रुमाल. फोटोत दिसतोय, पिवळ्या फुलांचा. आम्ही त्या काचेसमोर बसून पूर्ण पिक्चर पाहिला, मी आवाज वाढवत राहिलो.
शेठ म्हणाले, "तो काय गणपती आहे का मखरात बसवायला?" दुपारपर्यंत गिऱ्हाइकांना सांगत होते.

आईला फोन केला. "मंग धूळ बठ्ठी आत जाऊ देऊ? इतली महाग वस्तू." तिचं बरोबर आहे. जुन्या टीव्हीलाही असाच रुमाल होता. नाना टॉकीजहून आले की तो रुमाल उचलून घडी घालायचे, मग टीव्ही लावायचे. घडी घातल्याशिवाय कधी लावला नाही. ते आठवलं आणि दिवसभर तेच.

रवि. १९ जाने., धुळे.
सेंटर शोकेसच्या बाहेर काढला. टीव्हीच्या पुढे, फळीच्या अगदी कडेला. पुढच्या बाजूला खाली दोन खोडरबर, म्हणजे तोंड वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे. शेठनी सांगितलं तसंच. नानांच्या खुर्चीवर बसून डोळे मिटून ऐकलं. नटीचा श्वाससुद्धा कळतो. आईला रुमाल फक्त पिक्चर संपल्यावर टाकायचा असं कबूल करून घेतलं.

संध्याकाळी भरीत, कळण्याची भाकरी. मग पिक्चर. नाना शेवटपर्यंत बसले!
"आते बरं शे," म्हणाले.
मला इतका आनंद झाला की विचारून बसलो, "डॉक्टर काय बोलला मग हिरॉईनला?"
नाना म्हणाले, "बोलना काहीतरी. डॉक्टर काय, डॉक्टरनंच बोलीन."
आई पटकन म्हणाली, "चहा म्हटलं का मातर बरोबर आयकू येस तुम्हले." सगळे हसले. नानाही.

माझ्यासाठी बसले होते. दोन तास, काही कळत नसताना.

एक गोष्ट लक्षात आली, इथे टिपून ठेवतो. पूर्ण वेळ त्यांचं तोंड उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. टीव्हीकडे नाही. मला वाटलं कंटाळले.

बुध. २२ जाने., जळगाव.
आज कळलं.

काउंटरवर एक जुना स्पीकर तपासत होतो. उजवीकडे पंख्याची घरघर, म्हणून डावा कान डब्याला लावून उभा होतो. शेठ म्हणाले, "असा काय उभा, मान धरली का?" आणि मला टॉकीजची कॅबिनच दिसली.

तिसरीत असताना नानांचा जेवणाचा डबा घेऊन जायचो. मागचा लोखंडी जिना, वर कॅबिन. दोन मशीनं, एक चालू, एक पुढच्या रिळाची वाट बघत. इतका खडखडाट की नाना माझ्याशी हाताने बोलायचे. हॉलचा आवाज आत येतच नसे. म्हणून भिंतीवर एक लाकडी डबा होता, पुढे जाळी, नानांच्या डाव्या खांद्याला लागून. त्यातून पिक्चर ऐकायचे. उजवा कान मशीनकडे, डावा डब्याकडे. मी स्टुलावर बसून भिंतीतल्या चौकोनातून खाली बघायचो. नुसती डोकी. नाना मी आणलेलं जेवण खाता खाता, माझ्याकडे न बघता, हिरोच्या आधी डायलॉग म्हणायचे. मला वाटायचं हिरो नानांचं ऐकून बोलतो.

उजवा कान मशीनने खाल्ला. रविवारी ते तोंड फिरवून डावा कान पुढे करत होते. कंटाळले नव्हते.

सेंटर समोर नको. डाव्या खांद्याशी पाहिजे.

रवि. २६ जाने., धुळे.
वायर भिंतीच्या कडेने फिरवली. खुर्चीच्या डाव्या हाताला स्टूल, त्यावर सेंटर, तोंड कानाकडे. सिस्टिमच्या मेनूत सेंटरचं अंतर एक फूट टाकलं, नाहीतर त्याचा आवाज बाकीच्या स्पीकरांच्या आधी येतो. कुठल्याच पुस्तकात असा सेंटर लावलेला नसेल. शेठना सांगितलं नाही.

जुना पिक्चर लावला, त्यांच्या टॉकीजला बरेच आठवडे चाललेला. कोर्टाच्या सीनला वकील उभा राहिला आणि नाना बोलले. वकिलाच्या आधी. अख्खं वाक्य.

मी मेनू बघायचा म्हणून रिमोटात डोकं घातलं.

पण. सोनी (माझी बहीण) म्हणाली, "दादा, हिरो तिथे आणि आवाज नानांच्या खांद्यातून. प्रत्येक जण नानाच वाटतो. हिरॉईनपण." आईही म्हणाली, "ती बाई पडदावर रडस, नि मी तुम्हनाकडे दखस." थोडा वेळ बसल्या. मग आई भाकरीला उठली, सोनीला अभ्यास आठवला. शेवटी मी आणि नाना.

नाना शेवटपर्यंत हसत होते, पण अधूनमधून रिकाम्या सतरंजीकडे बघत होते.

गुरु. ३० जाने., जळगाव.
आईचा फोन. म्हटलं नाना रोज बघतात का? "हात नही लावतस. म्हनतस, एकटा काय दखू."

शेठना शेवटी सगळं सांगितलं. एक सेंटर समोर, एक खांद्याशी, एकाच जागेतून दोन्ही जोडू का? "जोड, आणि धूर निघाला की मला फोन कर." मग हसले नाहीत. म्हणाले, "दुसरा उपाय शोध."
नाही सापडला. वायर पक्की करायला क्लिपा घेतल्या, कुठे ठोकायच्या माहीत नाही.

रवि. २ फेब्रु., धुळे.
सेंटर परत टीव्हीच्या पुढे, फळीच्या कडेला ठेवला. नानांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो. त्यांनी विचारलंच नाही. पिक्चर सुरू व्हायच्या आधी उठले, स्वतःची खुर्ची उचलली आणि टीव्हीला लागून, भिंतीला पाठ करून ठेवली. डावा कान डब्याशी येईल अशी. तोंड आमच्याकडे.

मी म्हटलं, "नाना, तिथून पिक्चर दिसणार नाही."
"कॅबिनमा मी पिक्चर कव्हय (कधी) दखं? रीळ दखं, नि पब्लिक दखं."
आई म्हणाली, "आम्ही काय पब्लिक?"
"कमी शे आज," नाना म्हणाले. "पन बठ्ठी तिकीट काढीसन येल दिसस."

मग आम्ही टीव्ही बघितला आणि नानांनी आम्हाला. विनोद यायच्या आधी त्यांचा चेहरा तयार व्हायचा, आम्ही हसलो की ते हसायचे. आई रडली तेव्हा ते मला खुणावून दाखवत होते, हाताने, कॅबिनमधल्यासारखं. अर्ध्यावर हात वर केला, "इंटरव्हल." सोनी खरंच शेंगदाणे आणायला उठली.

पिक्चर संपल्यावर नानांनी रुमाल आईच्या हातातून घेतला, घडी उलगडली, डब्यावर स्वतः टाकला.

नंतर त्यांची मान आखडली, पूर्ण वेळ डब्याकडे कललेली होती. आईने बाम चोळला. मी म्हटलं पुढच्या रविवारी काहीतरी वेगळं करू. "काब्रं?" म्हणाले. पण मान वळवताना चेहरा वाकडा झाला ते मी पाहिलं. खुर्ची जरा तिरकी करावी का? की छोटा आरसा, समोरच्या भिंतीला, म्हणजे त्यांनाही थोडा पिक्चर. विचारलं नाही. आरसा लावला तर आमच्याकडे बघणार नाहीत.

हिशेब.
खर्च: वायर २१०, बस (येणंजाणं धरून) चार वेळा, खोडरबर १०, बाम ४५, क्लिपा ३०.
देणं: शेठचे सेंटरचे १,८००. नाना अर्धे देतो म्हणतात. घ्यायचे की नाही, ठरलं नाही.
क्लिपांचं पाकीट फोडलेलं नाही.