श्रुशानमावशीचा आवाज

ग्लेनडेल, १४ ऑक्टोबर

प्रिय अर्पिने,

तू बरी असशील. पोरांना गोड पापे. तिकडे आपल्या ग्युम्रीत थंडी पडली असेल, इथे अजून पंखा लागतो. फोनवर माझा आवाज ऐकताच तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र उद्या तिकडे यायला निघणाऱ्या शेजारच्या होव्हिकच्या हाती देतोय.

आधी आनंदाची बातमी. आईला मेडिकेअर मिळालं. बाहेरून आलेल्या म्हाताऱ्यांना हा सरकारी विमा पाच वर्षं इथे सलग राहिल्यावरच मिळतो. आता तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होईल.

सलग म्हणजे एक दिवसही देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं आमच्या गल्लीत सगळे छातीठोकपणे सांगत. म्हणून तर मार्चमध्ये तुझी आई गेली तेव्हा मी माझ्या आईला कळू दिलं नाही. तिकडे श्रुशानमावशीला पुरत होते आणि तिची सख्खी बहीण इथे राजमा निवडत बसली होती. मावशीला ऐकू येत नाही, म्हणून ती फोनवर येत नाही, अशी थाप मीच आईला मारली.

विम्याच्या कचेरीतली मुलगी आपल्यातलीच निघाली. हसून म्हणाली, "पंधरा दिवस जाऊन आला असतात तरी चाललं असतं, आजी. सगळे जातात."

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "ऐकलंस, भित्र्या? उगीच ताईला ताटकळत ठेवलं!"

मी हसलो. अर्पिने, मी हसलो गं.

रोज सकाळी आई एक कप कॉफी जास्तीची ओतते आणि रिकाम्या दाराकडे बघून म्हणते, "आत ये ना. आज पण अनवाणी?" विचारवत नाही, पण मावशीला बूट घालून पुरलंत ना? हल्ली मी त्या दाराकडे पाठ करून बसत नाही.

ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला आहे. डॉक्टर म्हणतात, आता थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि आई अडून बसलीय. "ताईचा आवाज ऐकल्याशिवाय टेबलावर चढायची नाही मी. बहिरी झाली म्हणून काय, तोंड तर चालतंय!" खरं सांगायला रोज तिच्यासमोर बसतो आणि तिचे निळे पडलेले ओठ बघून उठतो.

तुझा आवाज थेट मावशीसारखा आहे.

रविवारी फोन कर. "जा गं, करून घे," एवढंच म्हण. काय मागतोय ते मला कळतंय, माझी मलाच किळस येते.

आणि नाही म्हणायचं असेल, तर तेही आईलाच सांग. रविवारी फोन तीच उचलेल.

तुझा भाऊ, आणि तसं म्हणवत नसेल तर नुसता,
वाह्राम