गोणपाटाला लागलेली बोली

३ डिसेंबर १९६८, जळगाव

मिळालं! सूरजबाई स्मृती न्यासाचं ‘नवोदित व प्रयोगशील कलावंतांस साहाय्य’ मला मिळालं. लखीचंदशेठना आईच्या नावाने काहीतरी करायचं होतं. पाणपोई झाली, धर्मशाळा झाली, आता कलावंत. धर्मशाळेपेक्षा आम्ही स्वस्त पडतो.

तरी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? आबांनी मला एकच वर्ष दिलंय — जळगावात चित्रांचं काही जमलं तर ठीक, नाहीतर सावद्याला परत, केळीच्या मळ्यात. संक्रांतीला वर्ष भरतं. आता तोंड दाखवायला काहीतरी झालं.

५ डिसेंबर

बाकीचे दोन प्रयोगशील कलावंत कोण ते कळलं. एक, शेठजींच्या साडूंच्या सूनबाई राजकुंवर — तांदळाच्या दाण्यावर नावं लिहितात. दुसरा धुळ्याचा हिलाल — तोंडाने रेल्वेचं इंजिन काढतो. यार्डातलं वेगळं, चढावरचं वेगळं. आणि तिसरा मी, गोणपाटावर डांबर. धन्य तो न्यास! परीक्षक कोण होते म्हणून शेठजींच्या चिरंजीवांना, अभयकुमार वकिलांना विचारलं. म्हणाले, “परीक्षक कशाला? बाबांनी पाहिलं ना.”

८ डिसेंबर

चित्र घेऊन शेठजींच्या बंगल्यावर गेलो. शेठजींनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. “रंग संपले होते का?” मग जरा विचार करून, “ह्या कोपऱ्यात एखादा मोर बसवता आला तर...”

मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणालो मी! थू माझ्या जिण्यावर.

समारंभाची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. पाकीट कुणाच्या हातून द्यायचं ते बोलीवर ठरणार. ह्यांच्या जैन देवळात पूजेचा मान बोलीने जातो, तसाच. जो जास्त बोलेल तो स्टेजवर येऊन कलावंताला पाकीट देणार, आणि बोलीचे पैसे न्यासाला. म्हणजे कलावंत उभा करायचा आणि त्याच्यासमोर पुकारा करायचा. आमच्याकडे बैलाचे निदान दात तरी बघतात.

१० डिसेंबर

आबांना कार्ड टाकलं. ‘यायची तसदी घेऊ नका’ हे लिहायचं राहिलं.

१६ डिसेंबर

काल झाला समारंभ. काल लिहवलंच नाही.

नगरपालिकेचं सभागृह गच्च भरलेलं. पुढे सगळे शेठ, पांढऱ्या गाद्यांवर. अभयकुमार माइकपाशी. राजकुंवरबाईंच्या पाकिटाला चारी बाजूंनी बोली. मामेसासरे चढवतायत, चुलतसासरे चढवतायत, बाई पदरामागे लाजतायत. हिलालने आधी इंजिन काढून दाखवलं. खरं सांगायचं तर झकास काढलं, पुढच्या रांगेतली पोरं उड्या मारायला लागली. त्यालाही भाव आला, शिट्टीसकट.

मग माझं नाव. मागे टेबलावर चित्र टेकवून ठेवलेलं. अभयकुमार म्हणाले, “बोला.”

कुणी बोलेना.

“बोला, कलावंत आपल्याच जिल्ह्याचे आहेत.” तरी नाही. मागून एकजण म्हणाला, “डांबर कुठल्या सडकेचं हो?” हशा. “आमच्या गोदामात असली शंभर चित्रं पडलीत.” पुन्हा हशा. अभयकुमार बापाकडे बघतायत, बाप टोपी नीट करतोय. मला हात कुठे ठेवावे ते कळेना. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्यात शेवटच्या खुर्च्यांतून आवाज — “एकशे एक.”

आबा! डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. केव्हा येऊन बसले होते देव जाणे. त्यांच्यावर कोण चढवणार? सुटली बोली. वहाणा खाली काढून आबा स्टेजवर आले. अभयकुमारांनी पाकीट हातात दिलं. ते माझ्याकडे यायचं सोडून आबा गेले थेट चित्रापाशी. गोणपाट बोटांनी चाचपलं. जरा ओढून पाहिलं. आणि माइकसमोर येऊन विचारलं, “हे गोनपाट कवा न्याचं? केयीचे घड झाकाले बरं आहे.”

सभागृह कोसळलं. अभयकुमार समजावतायत, “आबा, गोणपाट नाही, पाकीट द्यायचा मान घेतलात तुम्ही.” आबा म्हणतात, “मंग गोनपाट भेटत नाही?” लखीचंदशेठ तर डोळे पुसायला लागले. गाद्यांवरचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. त्या गोंधळात आबांनी पाकीट माझ्या हातात कोंबलं. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

स्टँडवर मी फाडफाड बोललो. “आबा, कळत नसेल तर माणसाने गप्प बसावं.” ते म्हणाले, “मले वाटलं, माल इकून राह्यले.” मग गाडीत चढताना, मागे न बघता, “तुह्यं वरीस अजून चालू दे.”

चालू दे म्हणे! अब्रूचं गोणपाट केलं आणि वर उपकार.

१९ डिसेंबर

मी शिकवतो त्या शाळेत कळलंय. ड्रॉइंगच्या तासाला फळ्यावर कुणीतरी केळीचा घड काढून ठेवला होता. चांगला काढला होता. पुसला.

२६ डिसेंबर, सावदा

चुलतभाऊ कौतिकचा साखरपुडा. जेवणं झाल्यावर सगळे म्हणायला लागले, पंडित, ती जळगावची गंमत सांग. एवढी गावभर झालीच आहे तर आपणच का सांगू नये? सांगितली. अगदी आबांच्या आवाजात, ते चाचपणं, ते ओढून बघणं, सगळं करून दाखवलं. माणसं हसून हसून लोळली. आई तेवढी मध्येच उठून चुलीकडे गेली.

आणि आबा? तेही हसत होते! वर मलाच सुचवतात, “आन् वहाना खालीच राह्यल्या, ते सांग नं.” आपली फजिती आपल्याला कळू नये म्हणजे कमाल आहे. सुखी माणूस.

२ जानेवारी १९६९, सावदा

न्यासाच्या पैशातून चित्रांसाठी मांजरपाट घ्यायला गावातल्या फुलचंदभाऊंच्या कापडदुकानात गेलो होतो. कापड फाडता फाडता त्यांनी समारंभाचं विचारलं. मी गोणपाटाची गोष्ट रंगवून सांगितली. ते हसले नाहीत.

म्हणाले, “तुझ्या आबांना? तोतारामभाऊंना बोली समजली नाही? काय सांगतोस! पर्युषणात दरवर्षी आमच्या देवळात माझ्या शेजारी बसतात ते. गेल्या साली माझा घसा बसला होता. महावीरांच्या पाळण्याची बोली माझ्या वतीने त्यांनीच लावली.”

कापड घेतलं आणि घरी आलो. आबा जेवत होते. “भेटलं का कापड?” म्हणाले. मी हो म्हणालो. आईने माझं ताट त्यांच्या शेजारी वाढलं होतं. मला बसवेना.