सैल मास्क आणि तुझा डावा डोळा

माय, काही माणसांचे डोळे चष्म्यामागे मोठे दिसतात, काहींचे बारीक. तुझे मोठे दिसत. लांबचे पाहायलाही ज्याला फुगीर काच लागते, तो डोळा मुळात आखूड असतो. त्यातले पाणी बाहेर जाण्याचा कोपरा अरुंद. भीतीने किंवा औषधाने बाहुली रुंदावली, की भोवतीचा रंगीत पडदा त्या कोपऱ्यावर सरकू शकतो. वाट बुजते, पाणी तुंबते आणि काही तासांत दृष्टी जाऊ शकते. काचबिंदूचा हा अचानक झटका. किती रेखीव रचना आहे बघ, आणि ती मला किती उशिरा कळली.

बजाजनगरातल्या आपल्या खानावळीचा धूर वर्षानुवर्षे छातीत घेऊन तू अतिदक्षता विभागात पोचलीस. दम मोकळा करणाऱ्या औषधाची वाफ मास्कमधून चालू होती. मास्क डावीकडे सैल होता आणि वाफ डोळ्यात जात होती. त्याच औषधाने बाहुलीही रुंदावते.

भेटीच्या वेळी मी शेजारी बसलो आहे. तू मास्क ओढतेस.

"डोकं लई ठणकायलंय रे. या डोळ्याच्या वर. मळमळायलंय."

मी तुझे मनगट धरतो आणि विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल अशा तपशिलाने फुफ्फुसे समजावू लागतो.

"तुझा तास संपला की सांग," तू म्हणतेस, "मंग बोलते."

नर्सताई हसतात. मीही हसतो.

संध्याकाळी श्वास खालावला. नळी घालून तुला झोपवले आणि बोलणे राहून गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पापणी उचलली, तेव्हा डोळा लाल, धुरकट आणि गोटीसारखा कडक झाला होता. "जीव वाचवण्यात डोळ्याकडे लक्ष गेले नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. तू वाचलीस. तो डोळा मात्र गेला, आणि पुढे जगलीस तितकी वर्षे त्याबद्दल तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस.

हे पत्र कुठे टाकणार? तरी एक गोष्ट लिहून ठेवतो, ती कोणालाही घरी करता येते. समोर पाहणाऱ्या माणसाच्या कानशिलाकडून, डोळ्याच्या पातळीत, मंद बॅटरी आडवी धरावी. नाकाकडचा अर्धा रंगीत पडदाही उजळला, तर बहुधा त्या कोपऱ्यात जागा पुरेशी आहे. तिथे सावली पडली, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. परवा लेकीने माझ्यावर करून पाहिले. सावली पडली. डॉक्टरांकडे मी अजून गेलेलो नाही. ती का पडते, हे मात्र तिला सविस्तर समजावले.