इशाऱ्यापासून की माहितीपासून?

मोंतेविदेओ, ऑगस्ट

प्रिय वाल्तेर,

मेल तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पोस्टाने पाठवतेय. साल्तोच्या पोस्टमनला तरी दार उघडशील. भावाच्या संत्र्यांच्या बागेत बरा आहेस ना? इकडे ऑफिसात मी अजून रोज माते, आपला तो कडू चहा, भरते आणि सवयीने तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे धरते. फाब्रिसियो चिडवतो, "काय गं इर्मा, खुर्चीला साखर घालून देतेस का?"

आता आपलं जुनं भांडण. प्रोग्रॅम चालताना काय घडतंय ते छापणारी आपली नोंदींची लायब्ररी एखाद्या नवख्याने आपल्या ॲपमध्ये घेतली आणि साधी माहिती, इशारे, चुका यांतल्या कुठल्या पातळीपासून छापायचं ते ठरवलंच नाही, तर तिने आपणहून काय छापायचं? तुझं म्हणणं ठाम: इशारे आणि चुका, बस्स. परक्याच्या घरात पाहुण्याने बडबड करू नये. त्या बसकंपनीच्या सर्व्हरची डिस्क साध्या माहितीच्या नोंदींनीच भरून गेली, तेव्हा तू किती टेचात हिंडत होतास! तुझी नीबिया वैतागून म्हणाली होती, "अगं, याला कुणीतरी गप्प करा, हा झोपेतही पातळ्या सांगतो." पोट दुखेपर्यंत हसलो होतो. तिची फार आठवण येते रे. तुझ्या दुःखापुढे माझं काय, पण येते.

परवा मात्र पायसांदूच्या एका बेकरीचं ॲप अडकलं. "पुन्हा प्रयत्न करतोय" ही नोंद माहितीच्या पातळीवर, म्हणून ती छापलीच गेली नाही. ॲप सांभाळणाऱ्या पोरीला वाटलं, सगळं सुरळीत आहे. ऑर्डरी बेकरीत पोचल्याच नाहीत आणि रविवारी सकाळी लोक दारात भांडायला उभे! मी चिडून बदल मांडला: यापुढे आपणहून माहितीपासून छापायचं. वाचूनच तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असेल.

जाऊ दे ना, रागाव. खरं सांगते, नियम तुझाच आहे: जो वर्षभर एकाही बदलावर मत देणार नाही, त्याचं नाव लायब्ररी सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढायचं. नीबिया गेल्यापासून तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस आणि या महिनाअखेरीला वर्ष भरतंय. फाब्रिसियो वाईट नाही, पण "नियम म्हणजे नियम" म्हणतो. त्याला मी अडवू शकत नाही, तू शकतोस. मला माझं म्हणणं पटतं, तरी मुद्दाम आत्ताच मांडलंय, कारण यावर तू गप्प बसूच शकणार नाहीस. त्या बदलाखाली "नाही" एवढंच लिही. कारण देऊ नकोस, परत यायचीही घाई नाही. माझा बदल पडला तर पडू दे, तुझं नाव तिथे राहायला हवं.

तुझीच हट्टी,
इर्मा